लोकांच्या सुट्ट्या

बाबा : तो पडदा अजून जरा सरकव.

भिंगरी : पूर्ण सरकवलाय, बाबा. अजून ओढला तर दांडीसकट हातात येईल.

बाबा : मग हीच ती?

भिंगरी : हीच. या गावाला दुसरी नदी नाही.

बाबा : पाणी बघ कसं आहे. चहा सांडल्यासारखं.

भिंगरी : वरच्या अंगाला कुठे पाऊस झाला असेल. गढूळ आलंय.

बाबा : नाही गं, पावसाचा काही संबंध नाही. बारा महिने असंच असणार हे. पहिल्यांदा फोटो आला ना आमच्या छापखान्यात, त्यातही असंच होतं. मालक म्हणाले, यात जरा जीव आणा. मी निळा वाढवला.

भिंगरी : तुम्ही?

बाबा : मग कोण? मशीनवर मीच असायचो. आकाशात वाढवला, पाण्यात वाढवला. मालक म्हणाले, अजून. मी म्हटलं, साहेब, अजून वाढवला तर होडीतली माणसं निळी पडतील. ते म्हणाले, पडू देत, लांब आहेत.

भिंगरी : आणि मग दरवर्षी तेच चित्र.

बाबा : दरवर्षी. पर्यटनवाल्यांना तोच रंग आवडला. एका वर्षी नव्या पोरानं निळा जरा कमी सोडला, तर त्यांचा माणूस प्रूफ घेऊन परत आला. म्हणाला, ही आमची नदी नाही.

भिंगरी : खाली जिन्यापाशी लावलंय बघा ते. काल रात्री येताना तुम्हाला दिसलं नसेल.

बाबा : दिसलं. मी बोललो नाही. उन्हात राहून राहून लाल उडालाय, पिवळा उडालाय. निळा तेवढा राहिलाय. सगळं गावच बुडाल्यासारखं दिसतंय.

भिंगरी : आपल्या स्वयंपाकघरातलं अजून चांगलं आहे.

बाबा : तिथे ऊन कुठे येतं? ओल आलेली भिंत झाकायला लावलं होतं मी. छापून झालेल्या कागदांतला एक काढून आणला, कडेला जरा शाई लागली होती म्हणून बाद झालेला. म्हटलं, ओल दिसायची नाही. तुझी आई म्हणाली, अय्या, हे कुठलं गाव?

भिंगरी : आता आवरा. होडी सकाळचीच बरी असते, नंतर गर्दी होते असं तो खालचा मॅनेजर म्हणाला. माझं इथल्या दवाखान्यातलं काम काल लॉजवर यायच्या आधीच संपलं, आजचा अख्खा दिवस आपला आहे. होडी करू, झुलता पूल करू, धबधबा करू. उद्या दुपारची बस, माझी गाडी नेमकी गॅरेजमध्ये आहे ना.

बाबा : तुझं ते एक्स-रेचं मशीन नीट चालतंय ना पण? बघून ये हवं तर. मी थांबतो इथे.

भिंगरी : चालतंय. बाबा, तुम्हाला यायचंच नव्हतं ना?

बाबा : असं कुठे म्हटलं मी?

भिंगरी : आईनं पिशवी भरून हातात दिली म्हणून आलात. नाहीतर मी एकटीच आले असते कामाला, नेहमीसारखी.

बाबा : तिला तसं टाकून यायचं म्हणजे...

भिंगरी : मावशी आहे. टाकून कसलं? थांबा, तिचाच फोन.

बाबा : तू बोल.

भिंगरी : तुमच्या फोनवर आलाय. घ्या.

बाबा : हां, बोल गं.

आई : अहो, काल रात्री नुसतं पोचलो म्हणालात आणि ठेवून दिलात. झोप लागली का?

बाबा : लागली. तुझा पाय?

आई : पाय जागच्या जागी आहे. ताईनं सकाळी वॉकर धरून दारापर्यंत नेऊन आणलं. पायाचं सोडा. खिडकीतून दिसते का?

बाबा : दिसते ना. समोरच आहे.

आई : कशी आहे?

बाबा : आहे की. नदीसारखी.

आई : नदीसारखी म्हणजे? अगं ताई, ऐकलंस का, नदी नदीसारखी आहे म्हणे! तुम्हाला पाठवलंय कशाला? रंग सांगा.

बाबा : रंग... निळा.

आई : चित्रातल्यासारखा?

बाबा : हुबेहूब.

आई : आणि बुरूज?

बाबा : तो वळणाच्या पलीकडे. होडीनं जायचंय आता.

आई : पायऱ्या उजव्या हाताला ठेवल्यात की डाव्या हाताला येईल बघा. लाल छपराचा. त्याच्या खाली एक झाड पाण्यात वाकलंय, आहे का अजून ते बघून ठेवा. माझ्या फोनात मेलं चित्र दिसत नाही, नाहीतर भिंगरीला म्हटलं असतं दाखव. तिला सांगा, फोटो भरपूर काढ. आल्यावर बघेन.

बाबा : सांगतो.

आई : टोपी घाला. ठेवते. ताई दात काढतेय माझ्यावर.

भिंगरी : बाबा.

बाबा : चल, उशीर होईल.

भिंगरी : बाबा, हुबेहूब?

बाबा : टोपी कुठे ठेवलीस माझी?

*

नावाडी : या, या. मधे बसा आजोबा. काठाला धरू नका, धक्क्याला घासली तर बोटं सापडतात. ताई, तुम्ही पुढे. एवढीच दोघं? नो टेन्शन, दोघांनाही नेतो. परवा एकट्याच एका बाईंना नेलं.

(होडी पाण्यात ढकलली जाते.)

भिंगरी : बुरुजापर्यंत किती वेळ लागतो?

नावाडी : वळण आलं की दिसायला लागतो. प्रवाहाच्या उलटं जायचं ना, जरा दम लागतो. येताना आपोआप येते.

बाबा : डाव्या हाताला येईल ना?

नावाडी : उजव्या.

बाबा : डाव्या. पायऱ्या इकडे, म्हणजे तो तिकडे.

नावाडी : आजोबा, मी रोज जातो. बुरूज काही रात्रीतून उठून पलीकडे जाऊन बसत नाही.

बाबा : चित्रात डावीकडे आहे.

नावाडी : हां, चित्रात! लॉजमधलं ना? अहो, ते उलटं आहे. कुठल्या तरी छापखान्यानं फोटोची फिल्म पालथी लावली आणि दिलं छापून. गावात लहान पोरालाही माहीत आहे. नवीन लग्न झालेली जोडपी येतात, डावीकडे मोबाईल रोखून बसतात. मी मागून म्हणतो, साहेब, मान वळवा. तेवढीच आमची करमणूक.

भिंगरी : कुणी कळवलं नाही त्यांना? इतकी वर्षं?

नावाडी : कशाला? उलटं असो, सुलटं असो, त्याच्यावर माणसं येतात. आणि रंग तर काय लावलाय! मी शाळेत होतो तेव्हा वर्गात लावलेलं होतं ते. मला वाटायचं, हे दुसरंच गाव आहे, आपल्यासारखंच, पण चांगलं. मोठा झालो की तिथे जायचं, असं मी आईला सांगायचो.

भिंगरी : मग कळलं कधी?

नावाडी : कुणीतरी हसलं तेव्हा. ते बघा, वळण आलं. आता उजवीकडे बघा. आजोबा, उजवीकडे.

भिंगरी : बाबा, बघा ना. बाबा?

बाबा : छप्पर लाल आहे.

नावाडी : हां, तेवढं खरं छापलंय.

बाबा : खाली एक झाड होतं. पाण्यात वाकलेलं.

नावाडी : ते पडलं की. फार वर्षं झाली. तुम्ही आधी आला होतात वाटतं?

बाबा : नाही.

नावाडी : मग झाड कसं माहीत?

भिंगरी : आमच्या घरी आहे ते चित्र.

नावाडी : असं होय! मग आज खरं बघून घ्या. आपण खाली उतरून वरपर्यंत जाऊ शकतो, पायऱ्या चांगल्या आहेत. वरून दोन्ही काठ दिसतात.

बाबा : नको. फिरव होडी.

नावाडी : अहो, आत्ता तर आलो! लोक तासभर बसतात वर.

बाबा : फिरव.

*

भिंगरी : बसा इथे पायरीवर. सावली आहे. पाणी घ्या.

बाबा : प्रूफ माझ्या हातून पास झालं होतं.

भिंगरी : फिल्म तुम्ही लावली होती का?

बाबा : फिल्म लावणारा वेगळा. पण पहिला कागद निघतो तो मी बघतो. रंग बघतो, कडा बघतो, चारी रंग एकावर एक बसलेत का ते बघतो. सगळं बसलं होतं. चोख. गाव उलटं आहे हे कशावरून कळणार मला?

भिंगरी : मग झालं तर. तुमची काय चूक?

बाबा : एकदा येऊन गेलो असतो तर कळलं असतं. पहिल्याच वर्षी. होडीत बसलो असतो, तुझ्या आईनं डावीकडे बघितलं असतं, मी उजवीकडे. तिथंच हसून घेतलं असतं दोघांनी.

भिंगरी : बाबा, तुम्ही तिला सकाळी निळी का सांगितलीत?

बाबा : मग काय सांगू? तिला तिथून उठता येत नाही. डॉक्टर म्हणाले, बसचा प्रवास विसरा, घरातल्या घरात चालल्या तरी पुष्कळ. आता ती इथे येणार नाही. कधीच नाही. जिथे यायचंच नाही तिथलं पाणी निळं असलं काय आणि गढूळ असलं काय?

भिंगरी : फोटो दाखवायचेत तिला.

बाबा : तेच विचारणार होतो. फोनात रंग वाढवता येतो ना हल्ली? मी बघितलंय, तुम्ही मुलं बोटानं करता.

भिंगरी : बाबा!

बाबा : थोडासा. पाण्यात तेवढा. आणि ते... उलटंही करता येत असेल.

भिंगरी : येतं. मी करणार नाही.

बाबा : तुझं काय जातं?

भिंगरी : ती काय गिऱ्हाईक आहे तुमची? प्रूफ परत पाठवेल म्हणून घाबरताय?

बाबा : आवाज कमी कर. लोक बघतायत.

भिंगरी : बघू देत. मला आठवतंय ते सगळं, बाबा. मी काही अगदी लहान नव्हते. तिकिटं काढली होती तुम्ही. आईनं माझ्यासाठी फ्रॉक शिवला होता, स्वतःला नव्या चपला घेतल्या होत्या. सकाळी निघायचं होतं. आणि छापखान्यातून माणूस आला.

बाबा : सुट्ट्यांचं काम होतं. सगळ्या गावांची पत्रकं एकदम यायची, दुसरा मशीनवाला आजारी पडला. नाही म्हणून सांगता येत नव्हतं.

भिंगरी : माहीत आहे. आई काही बोलली का तुम्हाला?

बाबा : नाही. म्हणाली, जाऊन या.

भिंगरी : तुम्ही गेल्यावर ती पिशवीवर बसून राहिली. दारात. चपला घालून. मी म्हटलं, आई, फ्रॉक काढू का? तर म्हणाली, राहू दे, दिवसभर घाल, छान दिसतोस. मला मुलगा असल्यासारखं म्हणाली, इतकं लक्ष नव्हतं तिचं. संध्याकाळी उठली आणि स्वयंपाकाला लागली. त्या चित्रासमोर.

बाबा : हे मला कुणी सांगितलं नाही.

भिंगरी : तुम्ही दोन दिवसांनी आलात घरी. आल्या आल्या झोपलात.

बाबा : लोकांच्या सुट्ट्या छापण्यात आमच्या गेल्या, भिंगरी. दरवर्षी म्हणायचो, हा हंगाम जाऊ दे. हंगाम गेला की शाळा सुरू व्हायची तुझी. मग वह्या, मग दिनदर्शिका, मग निवडणुकीची पत्रकं. निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, आता जाऊ. तेव्हा तिच्या गुडघ्यांनी सुरुवात केली. म्हटलं, गुडघे बरे होऊ देत. मग न्हाणीत पडली.

भिंगरी : मी काय वेगळं केलं? गाडी घेतली की आईला पहिल्यांदा तिकडेच नेणार, असं चारचौघांत सांगायचे. गाडी घेऊन किती वर्षं झाली? दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गावी मशीन बसवायला जाते. भिंगरी नाव ठेवलंत ते काही उगाच नाही. पण इकडे कधी वळवली नाही. एकदा तर या गावाच्या फाट्यावरून गेले. पाटी दिसली. म्हटलं, पुढच्या वेळी. आईबरोबर.

बाबा : तिला सांगितलंस?

भिंगरी : फाट्यावरून गेले ते? नाही. हिंमत झाली नाही.

बाबा : मग तूही माझ्यातलीच.

भिंगरी : हो. म्हणून तर ओरडतेय तुमच्यावर.

बाबा : पाणी दे जरा अजून.

भिंगरी : आपण परत जायचं का बुरुजावर? चढवत नेते तुम्हाला.

बाबा : आता नको. त्या होडीवाल्यासमोर लाज वाटते. त्याला माहीत नाही, पण वाटते.

भिंगरी : झुलत्या पुलावर?

बाबा : त्याच्यावरून काय करायचं?

भिंगरी : झुलायचं.

बाबा : धबधबा दाखव. तिच्या यादीत धबधबा पहिला होता.

भिंगरी : तिची यादी होती?

बाबा : तोंडी. भांडी घासताना म्हणायची. आधी धबधबा, मग होडी, मग त्या पुलावर तुमचा हात धरून जाईन, मला भीती वाटेल. मी म्हणायचो, हो हो. पेपर वाचत असायचो.

*

भिंगरी : हाच?

बाबा : रिक्षावाल्यानं इथेच तर सोडलं. पाटी पण आहे.

भिंगरी : पण पाणी कुठंय?

बाबा : ते बघ, त्या कपारीतून. नळ नीट बंद न केल्यासारखं.

भिंगरी : तो म्हणाला खरा, वर धरण झाल्यापासून सोडलं तरच येतं. मला वाटलं, थोडं कमी असेल.

बाबा : धबधब्याच्या पत्रकावर अर्ध्या कागदभर नुसता पांढरा होता. तिथे शाईच लावायची नाही, कागद तसाच सोडायचा. सगळ्यात सोपा भाग होता तो.

भिंगरी : फोन वाजतोय तुमचा.

बाबा : तूच घे. सांग, मी पाण्यात उतरलोय.

भिंगरी : कुठल्या पाण्यात? घ्या, बाबा. मी काही सांगणार नाही.

बाबा : हां.

आई : कुठे आहात?

बाबा : धबधब्यापाशी.

आई : आवाज नाही येत.

बाबा : येणार नाही.

आई : लांबून बघताय का? अहो, जवळ जा की. एवढे पैसे खर्चून गेलात. भिंगरीचा हात धरा.

बाबा : जवळच आहे. कठड्याला टेकून उभा आहे. पाणी नाही, अगं. वर धरण झालंय. ओला कडा आहे आणि एक धार पडतेय, बोटाएवढी.

आई : अरे देवा. मग भिंगरी नाराज झाली असेल.

बाबा : भिंगरीचं राहू दे. ऐक. सकाळी मी तुला खोटं सांगितलं. नदी निळी नाही. गढूळ आहे. आधीपासूनच. निळा मी घातला होता.

आई : घातला म्हणजे?

बाबा : शाई जास्त सोडली. मालकांनी सांगितलं म्हणून. तू बघत होतीस ती नदी नव्हती, आमच्या डब्यातली शाई होती.

आई : बरं.

बाबा : झाड पडलंय. कधीचंच.

आई : पडणारच. किती वाकलं होतं.

बाबा : आणि बुरूज उजवीकडे आहे.

आई : कुणाच्या उजवीकडे?

बाबा : सगळ्यांच्या. चित्र उलटं छापलं आम्ही. फिल्म पालथी लागली. इथे सगळ्या गावाला माहीत आहे, हसतात लोक. आपल्यालाच माहीत नव्हतं.

आई : थांबा हं जरा.

बाबा : काय झालं? पाय दुखतोय का? ताईंना हाक मार.

आई : गप्प बसा. डोळे मिटून फिरवून बघतेय.

बाबा : काय?

आई : बुरूज. इकडून तिकडे नेऊन बघतेय. नाही हो होत. पायऱ्या हलतात, होडी हलते, तो काही हलत नाही. इतकी वर्षं डावीकडे होता.

बाबा : हसतेस काय?

आई : मग काय करू? ताई, अगं, यांनी गावच पालथं छापलं! नाही, नाही, खरंच. आणि मी शेजारणीला सांगत होते, जाशील तेव्हा डावीकडे बसायची जागा धर. ती जाऊन आली ना गेल्या वर्षी. बिचारी काही बोलली नाही मला.

बाबा : रागावलीस?

आई : चित्राचा कसला राग?

बाबा : मग कशाचा?

आई : आहे कुठे आता? होता तेव्हा होता.

बाबा : भिंगरी सांगत होती. त्या दिवशीचं. तू दारात बसली होतीस म्हणाली.

आई : तिला आठवतंय? एवढीशी होती.

बाबा : मला वाटलं, नदी बघायला मिळाली नाही म्हणून तू गप्प आहेस. म्हणून पुढे दरवर्षी म्हणायचो, नेतो, नेतो.

आई : अहो, नदीचं मला काय कौतुक? माझ्या माहेरी परसदारी नदी होती. धुणी धुवून हात सोलले त्या पाण्यानं.

बाबा : मग?

आई : मग काय? गाडीत चार-पाच तास लागणार होते. खिडकीपाशी मी, मांडीवर भिंगरी, शेजारी तुम्ही. तुमच्या हातात काही नाही. मशीन नाही, कागद नाही, कुणी हाक मारणार नाही. तेवढंच डोक्यात होतं माझ्या. पोचल्यावर काय बघायचं, त्याचा विचार मी नंतर करायला लागले, जायचं राहिल्यावर. भिंतीवर दुसरं होतं काय बघायला?

बाबा : तेव्हा का नाही बोललीस असं?

आई : बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, नुसतं बसायचंय ना, मग घरात बस की. त्याला एवढ्या लांब कशाला जायला हवं?

बाबा : म्हणालो असतो.

आई : म्हणून नदी, नदी करत राहिले. नदी म्हटलं की तुम्ही निदान 'हो' तरी म्हणायचात.

बाबा : ऐक ना. उद्या सकाळची पहिली गाडी धरून येतो मी. भिंगरी येईल मागाहून.

आई : कशाला?

बाबा : बसतो तुझ्याजवळ.

आई : तुम्ही? गेल्या आठवड्यात बसलात, तर माझ्या वॉकरचे स्क्रू पिळत बसलात. मी हात टेकून उभी, आणि तुम्ही खाली.

बाबा : ढिले होते गं.

आई : होते. मी कुठे नाही म्हणते? आता तिथे समोर काय आहे तुमच्या?

बाबा : सांगितलं ना. कडा. दगड. एक बाकडं आहे.

आई : बाकड्यावर कोण आहे?

बाबा : कुणी नाही. भिंगरी आहे तिकडे उभी, फोटो काढतेय त्या धारेचा.

आई : तिला बोलवा. बसा दोघं.

बाबा : भिंगरी, ये इकडे. बस म्हणतेय तुझी आई. हां, बसलो. आता काय करू?

आई : काही करू नका. तेच तर म्हणत होते मी.